दाबली की गुदमरणारी गाडी

आमच्या घरी विलायती मोटार होती असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग हसतात. हसा बापा, माझं काय जातं. हिंगणघाटात जिनिंगच्या मागच्या वस्तीत, सारवलेल्या अंगणात, कडुलिंबाखाली ती उभी असायची आणि तिच्या टपावर आमच्या कोंबड्या बसायच्या, हे अगदी खरं. बाबा त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनांवर फोरमन होते. गावात एक डॉक्टर परदेशातून परत आले, येताना ही गाडी घेऊन आले. दोन-तीन उन्हाळे त्यांनी कसेबसे काढले आणि इथं करमत नाही म्हणून बायकोला घेऊन पुन्हा निघून गेले. तोवर गाडीही जुनी झाली होती. तिच्या पोटात हात घालायची हिंमत गावात फक्त बाबांची होती, म्हणून जाताना डॉक्टरांनी किल्ली त्यांच्याच हातात दिली. आई म्हणाली, "ह्या धुडाले ठेवता कुठी?" बाबा म्हणाले, "तुह्या उरावर नाई ठेवत, झाडाखाली ठेवतो." झालं, गाडी आमची झाली.

त्या गाडीत एक पंखा होता. त्याला टर्बो म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरी तो पंखाच. बाबा जेवताना समजावून सांगायचे, "धूर फुकट बाहेर जाते का नाई? थो धूर जाता जाता पंखा फिरवते. पंखा बाहेरची हवा वढून इंजिनात कोंबते. इंजिन लहान, पण जोर पाह्य कसा." आणि एवढं कौतुक सांगून हे गृहस्थ गाडी चालवायचे कशी, तर बैलाला पाण्यावर नेतात तशी. पायाचा भार म्हणून कधी दिला नाही. सायकलवाले आम्हाला मागे टाकून पुढे जायचे आणि वळून हसायचे. दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, सुधाकरला, त्याची भारी लाज वाटायची. तो बाबांच्याच हाताखाली जिनिंगमध्ये लागला होता, गाडी चालवायला शिकला होता, पण बाबा शेजारी असले की त्यालाही तसंच रांगावं लागायचं. "पंखा आहे त फिरू द्या ना बाबा," तो म्हणायचा. बाबा म्हणायचे, "लग्नाले जाऊन राह्यलो का आपण? सुखानं चाल."

दिवाळी झाली की जिनिंग सुरू व्हायचं आणि आमच्या घराचं रूपच बदलायचं. दिवसभर यंत्रांची घरघर, मध्येच भोंगा, फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, गाडीवानांच्या शिव्या. आणि सगळीकडे रुई. केसात रुई, उशीत रुई, वरणात रुई, बाळंतिणीच्या खोलीत रुई. आईचा त्या रुईशी जन्माचा दावा होता. ती प्रत्येक वस्तूच्या तोंडाला फडकं बांधायची. माठाला फडकं, नळाला फडकं, दुधाच्या गंजाला फडकं, बाबांच्या नाकातोंडाला फडकं. जुनी लुगडी फाडून, उकळून, चारी कडांना टाके घालून तिची ती फडकी तयार व्हायची. दोरा सुटून पाण्यात पडू नये म्हणून टाके, आणि एकपदरी फडक्यातून रुई जाते म्हणून नेहमी दोनपदरी. भाकर-झुणक्याच्या टोपल्यावर, वांग्याच्या भरतावर, तिळाच्या चटणीवर, सगळ्यांवर एकेक हिरवा नाहीतर किरमिजी तुकडा. आज माझ्या पिपरी मेघ्यातल्या घरी नळाला प्लॅस्टिकचं गाळणं आहे, आणि पाणी काही वेगळं लागत नाही. पण पाहुणे आले की मी अजूनही ताटावर काहीतरी झाकते, आणि सून म्हणते, "आई, माशी नाहीये हो इथं."

त्या हिवाळ्यात एका दुपारी बाबा जिनिंगमधून लवकर घरी आले, बाजेवर बसले, छातीवर हात ठेवला आणि "सुधाले बोलाव" एवढंच म्हणाले. घामानं त्यांचा सदरा भिजला होता. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्या, लगेच न्या. दादानं गाडी काढली. मागे आई, तिच्या मांडीवर बाबांचं डोकं. पुढे दादाच्या शेजारी मी. गाव सुटलं, मोकळा रस्ता लागला आणि दादानं पाय दाबला. गाडीनं एक उसळी घेतली, घेतली न घेतली तोच घशात घास अडकल्यासारखी ती गुदमरली. दादानं पाय सैल सोडला की चालायची, दाबला की पुन्हा गुदमरायची. पुढे कापसाच्या गाड्या होत्या, एकामागे एक. त्यांना ओलांडायला जोर लागतो. दादा बाजूला घ्यायचा, दाबायचा, गाडी भक्क भक्क करून बसायची, समोरून ट्रक यायचा, पुन्हा मागे यावं लागायचं. आई मागून ओरडत होती, "दाब ना रे! दाब ना! काऊन थांबून राह्यला?" दादा ओरडत होता, "दाबूनच राह्यलो आई!" मी खाली पाहिलं. त्याचा पाय पत्र्याला टेकला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग मागचा आवाज बंद झाला. आईचाही आणि बाबांचाही.

बाबा वेळेत पोचले असते तर वाचले असते का? दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. पण त्या न सांगता येण्यात आमचं घर बुडालं. मला मात्र काहीच झालं नाही. हे मी लाजून सांगत नाही, जसं होतं तसं सांगते. रडू आलं नाही, भूक गेली नाही, झोपही लागली. बाया मला धरून धरून रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघायची, की चुलीवरचा भात लागला तर नाही. अंगावरून कोणी सुन्न करणारं औषध फिरवलं असावं तशी मी हिंडत होते. तेरवी झाली, पानं उठली, आईच्या माहेराहून, रोहण्याहून आलेला मामा तिला आहेर करून परत गेला, तरी तसंच.

आईनं दादाशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं एकच: पोरगा घाबरला आणि त्यानं दाबलंच नाही. मी सांगून पाहिलं, आई, मी पाहिला ना त्याचा पाय. ती म्हणाली, "तू त्याचीच बाजू घेजो." दादानं गाडीची शपथ घेतली, बाबांची घेतली. ती भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, "त्याले सांग, घाबरला त घाबरला म्हण. लेकरू आहे, घाबरते माणूस. एकदा कबूल कर. मंग माहं काई म्हणणं नाई. पण मेलेल्या बापावर हात ठेवून खोटं कायले बोलतो?" दादा चिडून म्हणाला, "जे केलंच नाई थे कबूल काऊन करू?" दोघंही एका मातीचे. आणि मग आईनं जाहीर केलं, की ती रोहण्याला जाणार. चार दिवसांसाठी नाही, कायमची. मामा पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर न्यायला येणार होता. तिनं पेटी भरायला घेतली. दादाला माहीत होतं, ती एकदा गेली की परत यायची नाही. आमच्या आजीनं असंच एकदा माहेर गाठलं होतं आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली होती.

म्हणून दादा गाडीला भिडला. गाडीतला दोष सापडला की आई मानेल, असा त्याचा सरळ हिशेब. रोज पाळी संपली की तो कडुलिंबाखाली यायचा आणि मी पाना-पकड द्यायला बसायची. पहिल्यांदा पेट्रोल. टाकी उपसली, जाळी धुतली, टाकीच्या झाकणाचं भोक सुईनं मोकळं केलं. काही नाही. मग प्लग, पॉइंट, वायरी. काही नाही. हायवेवर ट्रकांचं गॅरेज चालवणारे हबीबभाई आले, त्यांनी बोनेटमध्ये डोकं घातलं, इंजिन गुरगुरवून पाहिलं आणि म्हणाले, "अरे बेटा, खड़ी गाड़ी तो शेर है. इसको हुआ क्या है?" खरंच होतं ते. उभ्या गाडीत काहीही दोष नव्हता. हळू चालवा, काही नाही. दादानं त्यांना वेना नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणलं आणि रस्त्यात पाय दाबून दाखवला. हबीबभाई परत आले ते मान हलवत, "ये विलायती पंखा निकाल के फेंक दे. झगड़े की जड़ वही है." ह्यांचं बरं असतं, दुखतंय तिथं कापा.

दादानं पंखा काढला नाही. बाबांचा जीव होता त्यात. उलट पंख्यापासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी नळ साबणाच्या पाण्यानं चोपडून पाहिले, कुठून हवा फुटते का. एक बुडबुडा आला नाही. हवा गाळायचा डबा उघडला, त्यातली जाळी तर लख्ख, बाबांनी हिवाळ्याच्या तोंडी झटकलेली. दादानं डबा लावला, हात पुसले आणि बाजेवर आडवा झाला. आई ओसरीत ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं, पण डोकं मात्र चालत होतं. मी म्हटलं, "दादा, सावकाश चालली तर हिला काही होत नाही. दम लागला की होतं. हिला हवा तर कमी पडत नसेल?"

"जाळी पाह्यली ना तूनं. साफ आहे."

"तरी पण डब्याचं झाकण काढून चालव ना एकदा."

"रुई जाईन ना पंख्यात."

"एका चकरेत किती जाईल?"

त्यानं झाकण काढलं. आम्ही वर्ध्याच्या रस्त्याला लागलो. त्यानं पाय दाबला, आणि देवा रे, माझी पाठ सीटला चिकटली. ती गाडी काय चीज होती हे आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. झाडं मागे गेली, एक ट्रक मागे गेला, कापसाच्या गाड्या तर दिसल्या न दिसल्या. दादानं ओरडायला हवं होतं, मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण त्या दिवशी हे असं जायचं होतं, हेच दोघांच्या मनात. पुढे एका बाभळीखाली त्यानं गाडी थांबवली, झाकण परत लावलं, पुन्हा दाबली. पुन्हा गुदमरली. म्हणजे इंजिन बरं, पंखा बरा, पेट्रोल बरं. जे काही होतं ते डब्याच्या अलीकडे होतं, बाहेरची हवा जिथून आत शिरते तिथं.

डब्यापासून एक नळी खाली उतरून डाव्या दिव्याच्या मागे गेली होती. तिचं तोंड बाहेरून दिसत नव्हतं. अंगणात आल्यावर दादानं दिवा खोलला, त्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तसाच थांबला. मग हळूच म्हणाला, "बेबी, चाकू दे." सुतळी कापल्याचा आवाज आला. त्यानं हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीत एक हिरवं फडकं होतं. दोनपदरी. चारी कडांना टाके. वर बोटभर रुईचा थर, गादीतल्यासारखा दडपून बसलेला.

मला सगळं आठवलं. दिवाळीनंतरची दुपार होती. बाबा दारातून म्हणाले होते, "अवो, एखादं फडकं दे. रुई लय उडून राह्यली, गाडीच्या नाकाले बांधतो." आणि आई उंबऱ्यात बसून टाके घालत म्हणाली होती, "दोनपदरी बांधा. एकपदरीनं काई थांबत नाई." बाबांनी आपल्या हातानं ते बांधलं, आणि त्यांच्या त्या बैलाच्या चालीत गाडीला त्याचा जाच कधी झालाच नाही. पंखा सावकाश ओढायचा तेव्हा फडक्यातून पुरेशी हवा यायची. जोरात ओढला की ते फडकं आत खेचलं जाऊन नळीचं तोंड बंद. पाय सोडला की पुन्हा ढिलं. असं फडकं दुसऱ्या कोणाच्या गाडीत सापडलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

दादानं फडकं उलटंसुलटं केलं. टाक्यांवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, "चल, आईला दाखवू." माझ्या आवाजात आनंदही नव्हता, सिद्ध झालं, चला, एवढंच. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी बसल्या जागी राहिले. "येडी झाली का?" तो म्हणाला. "तिनंच शिवलं ना हे. दाखवलं की तिले कळून जाईन. मंग ती जगन का?" मी म्हटलं, "आणि तू?" न्हाणीजवळ बंब पेटलेला होता. त्यानं ते फडकं बंबात टाकलं. रुईनं एकदम भडका घेतला आणि लगेच विझूनही गेला. मग तो हात धुऊन जिनिंगच्या फाटकाकडे चहा प्यायला गेला.

मामाचा सांगावा आला, की त्याला यायला जमत नाही, आईला एसटीनं पाठवा. आई पेटी घेऊन ओसरीत बसली होती. मी म्हटलं, "गाडी बरी झाली आहे. दादा सोडून देतो." ती कितीतरी वेळ गाडीकडे बघत राहिली आणि मग का कोण जाणे, उठली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली, जिथं त्या दिवशी बसली होती तिथंच. मी पुढे. गाव सुटलं. दादानं दाबलं नाही; तोही बाबांसारखाच चालवत होता. पण पुढे कापसाच्या गाड्यांची रांग आली आणि एक ट्रक मागून भोंगा वाजवत राहिला, तेव्हा त्याला दाबावंच लागलं. गाडी सपकन पुढे गेली.

"थांबव," आई म्हणाली.

दादानं गाडी बाजूला घेतली. बंद केली. बाहेर तुरीचं वावर वाऱ्यावर हलत होतं.

"आता पयते," आई म्हणाली. किती दिवसांनी ती सरळ त्याच्याशी बोलत होती. "त्या दिवशी काऊन नाई पयली?"

मी तोंड उघडलं. दादानं समोरच्या काचेतून नजर न हलवता म्हटलं, "मी घाबरलतो आई. पाय थरथरत होता. दाबलंच नाई मी."

मला आईचा राग आला. बाबा गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो राग होता, नुसता आंधळा राग. तिच्या अंगावर ओरडावं, सगळं सांगून टाकावं असं वाटलं. दादानं सीटच्या आडून माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट, की नंतर तिथं वळ उठले. मागे आई रडू लागली. तेरवीतही ती अशी रडली नव्हती. रडता रडता तिनं हात पुढे केला आणि दादाच्या डोक्यावर ठेवला. "लेकरूच त होतं माहं," ती म्हणाली. "घाबरणारच. आधीच सांगतलं असतं त काय झालं असतं रे बाबू? फिरव गाडी. घरी चाल."

आई त्यानंतर खूप वर्षं जगली, आमच्यातच राहिली, दादाच्या हातचं पाणी प्याली, त्याची बायको तिनंच पसंत केली. माफ केल्यावर तिच्या मनात किंतु उरला नाही, आणि म्हणूनच ती ते उघड बोलायची, व्याह्यांसमोर, शेजारणींसमोर, कौतुकानं बोलल्यासारखं. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. दादाचा मुलगा नुकताच गाडी शिकला होता, साधीच आपली सेकंडहँड गाडी. सगळे बेसनाच्या पातोडीच्या रश्श्यावर बसलो होतो. आई नातवाला म्हणाली, "हे पाह्य बाप्पू, गाडी चालवताना बापासारखं घाबरू नोको. वेळेवर त्यानं पाय दाबला नाई, म्हून तुहा आजा गेला. मी माफ केलं, पण तू ध्यानात ठेवजो."

पोरगा बापाकडे बघू लागला. हे असं थेट त्याला पहिल्यांदाच कोणी सांगितलं असावं. दादाचे केस तेव्हा पांढरे झाले होते. मी हातातला घास खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता तरी बोल. आता ती थकली आहे, आता सांगितलं तरी चालेल, निदान पोराला तरी.

"आजी बरोबर सांगते," दादा म्हणाला. "दाबायच्या वेळी दाबावं."

आणि त्यानं आईच्या ताटात आणखी एक पातोडी वाढली.